दोन रेघांच्या मधली जागा

ता. ३ मार्च

चि. ठिणगीस,
अनेक आशीर्वाद.

पाकीट जाड दिसलं म्हणून घाबरू नकोस, वाईट बातमी नाही. माझं पत्र दोन पानांचं आहे, बाकीची चौदा पानं तुझ्या काकूची. फाटू नये म्हणून दोऱ्याने बांधलंय. गाठ सोड, कापू नकोस, आतलं पान कापलं जाईल.

काकू आहे तशीच आहे. शुश्रूषागृहात तिला सात महिने झाले. बोलणं नाही, डावं अंग नाही, डोळे बहुतेक वेळ मिटलेले. उजव्या हाताची दोन बोटं मात्र चालतात, आणि ती थांबत नाहीत. सकाळी जाग आली की खाटेच्या लोखंडी कठड्यावर बोटं आपटायला लागते ती गुंगीची गोळी देईपर्यंत. टोकं सोलून निघालीत. पट्टी बांधली तर पट्टीसकट आपटते.

शेजारच्या खाटेवर एक निवृत्त मास्तरीणबाई आहेत, त्यांनी तक्रार केली. मोठ्या सिस्टर मला म्हणाल्या, "काका, असंच चाललं तर हात कापडी पिशवीत घालून बांधावा लागेल. आणि गोळी दुप्पट." त्या माझ्याशी बोलतात तेव्हा सगळ्या वॉर्डाला कळतं, माझे कान तुला माहीतच आहेत. मी म्हटलं, ती काहीतरी सांगतेय. त्या म्हणाल्या, "काय सांगतेय ते सांगा, नाही बांधत." डॉक्टर दर महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला येतात. एप्रिलच्या फेरीत ते हाताचं ठरवणार. तोवर मुदत आहे.

म्हणून मी लिहून घ्यायला लागलो. चार यत्ता शिकलेला माणूस मी, पण आकडे आणि रेघा येतात. डावा तळवा कठड्यावर ठेवतो, म्हणजे कानाचं काम हात करतो. ती बोट उचलते तेवढ्या वेळा मी एक घर धरतो. दोन्ही बोटं टेकली तर २, एकच टेकलं तर १. घर संपलं की उभी रेघ. बोट उचलून टेकवलंच नाही, तर घरात काही लिहीत नाही, पण रेघ मारतोच. प्रत्येक पानाखाली रेघा मोजून आकडा टाकलाय. दोनदा मोजल्यात.

तू मागे सांगितलं होतंस की तुझी नोकरी म्हणजे कॉम्प्युटरकडून लांबलचक ओळींतून हवं ते शोधून घेणं. तर हे शोध. तुझे साहेब रागावणार नसतील तरच. माझ्यापायी नोकरी धोक्यात घालू नकोस.

बाकी ठीक. भट्टी बंद आहे. ऐरणीला तेल लावून पोत्याखाली झाकलीय, घणही शेजारीच. काकूलाही रोज हेच सांगतो. घरात दोन खुर्च्या आहेत, आळीपाळीने बसतो, नाहीतर एकीवर धूळ साचते.

जावईबापू कसे आहेत? खोकला गेला का?

फोन करू नकोस. मला ऐकू येत नाही, आणि मग आठवडाभर वाटत राहतं की काहीतरी महत्त्वाचं सुटलं.

तुझा काका

*

ता. १४ मार्च

ती. काकांस,
सा. न.

गाठ सोडली, कापली नाही.

साहेबांची काळजी करू नका. त्यांना मी महिन्यातून एकदा पडद्यावर दिसते, तेही खांद्यापर्यंत. काम घरूनच आहे. काल दुकानात एका बाईंना "पिशवी नको" म्हटलं आणि लक्षात आलं, दिवसभरातलं हे माझं पहिलंच वाक्य. वेळ संध्याकाळची सहाची होती.

तुमची पानं मी जशीच्या तशी टाइप केली. आमच्या जावास्क्रिप्टमध्ये, म्हणजे ज्या भाषेत आम्ही कॉम्प्युटरला काम सांगतो तिच्यात, रेग्युलर एक्स्प्रेशन नावाची सोय असते. तुम्हाला साचा म्हटलं की कळेल. आपण खुणांमध्ये साचा लिहून द्यायचा: इथे आकडा हवा, मग रेघ हवी, आणि हे पुन्हा पुन्हा. मग कॉम्प्युटर ओळीवरून तो साचा सरकवत नेतो आणि बसेल तिथे थांबतो.

पहिल्या दिवशी चौदा पानांत एकही आकडा सापडला नाही! मी तासभर डोकं धरून बसले. मग कळलं, आकड्यासाठी जी तयार खूण असते तिला फक्त इंग्रजी आकडे कळतात. तुमचे १ आणि २ तिच्या लेखी आकडेच नाहीत. मग मीच साच्यात लिहिलं, बाई गं, हा १ आणि हा २.

आता उत्तर येतंय. जवळजवळ प्रत्येक ओळीला एकच: २. काही ओळींना १, पण थोड्याच. मला अजून नीट बघायचंय, या आठवड्यात कामाचा ढीग आहे. तूर्त एवढंच म्हणते की काकू दोनचं काहीतरी सांगत असावी. तुम्हाला काही सुचतंय का?

बोटांना लावायला मलम पाठवतेय. पट्टीच्या आतून लावायला सांगा.

तुमची ठिणगी

*

ता. २२ मार्च

चि. ठिणगीस आशीर्वाद.

तुझं पत्र परवा आलं. दोन दिवस मी काकूकडे गेलो नाही. सात महिन्यांत पहिल्यांदा. सिस्टरना वाटलं मीच आजारी पडलो.

दोन म्हणजे काय ते मला कळलं. दोन म्हणजे घण आणि ऐरण. तिला समजलंय.

ठिणगे, मी खोटं बोललो. तिच्याशीही आणि तुझ्याशीही. पोत्याखाली काही नाही. पोतंसुद्धा नाही.

तुला फक्त एवढंच सांगितलं होतं की ती भट्टीवर काम करताना पडली. कशी ते सांगितलं नव्हतं. एका फाटकाच्या बिजागरीचं काम होतं, साधंसं. मी म्हटलं होतं, वय झालं, आता घेऊ नकोस घण. ती म्हणाली, "वय तुमचं झालंय, माझं नाही." लोखंड लाल झालेलं, ताव चांगला बसलेला, निम्मी बिजागरी झालेली. तिने घण उचलला आणि तो खाली आलाच नाही. मी खाली मान घालून, सांडशीत लोखंड धरून, वाट बघत राहिलो. ऐकू येत नाही ना मला. किती वेळ? लोखंड काळं पडेपर्यंत. मग वर पाहिलं तर ती भिंतीला टेकून बसलेली, घण मांडीवर.

तिला दवाखान्यात ठेवून परत आलो तेव्हा ती अर्धी बिजागरी ऐरणीवर तशीच होती. माझ्याच्याने ते बघवेना. पंधरा दिवसांत भंगारवाल्याला बोलावलं. ऐरण, घण, भाता, सगळं घेऊन जा म्हटलं. चौघांनी ऐरण उचलली. जमिनीत तिची चौकोनी जागा राहिलीय, तेवढी झाडत नाही. माझा हातोडा तेवढा देववला नाही. तो पिशवीत आहे, खिळ्याला टांगलेला.

आता ती दिवसभर दोन, दोन म्हणते. कुठे आहेत माझ्या दोन वस्तू? एकेचाळीस वर्षं तिने तो घण उचलला. बायकांनी घण मारू नये म्हणून गावाने नावं ठेवली तेव्हा ती म्हणाली होती, "माझ्या नवऱ्याला ऐकू कमी येतं, पण माझा घाव बरोबर कळतो. दुसरा कोण ठेवू?" आणि मी तो भंगारात घातला.

तू म्हणशील सांगून टाका. सांगितलं आणि तिने आपटणं थांबवलं तर? कायमचंच थांबवलं तर?

जावईबापूंचं तू काही लिहिलं नाहीस. घाईत राहिलं असेल.

काका

ता. क. मलम मिळालं. झाकण फार घट्ट आहे.

*

ता. ३० मार्च

ती. काकांस सा. न.

आधी एक गोष्ट. "दोन" हे उत्तर चुकीचं होतं. काकूची चूक नाही, तुमची नाही, माझी. तुमचं पत्र वाचून मला जेवण गेलं नाही. अर्धवट बघून कळवायची मला काय घाई झाली होती?

काय झालं ते सांगते. साच्यात जेवढा भाग लक्षात ठेवायचा त्याला कंस घालतात. मी लिहिलं होतं: कंसात एक आकडा आणि रेघ, आणि कंसाच्या बाहेर "हे पुन्हा पुन्हा". कॉम्प्युटरने ते पुन्हा पुन्हा जुळवलंही. पण कंसाला जागा एकाच गोष्टीची. दुसरं आलं की पहिलं पुसलं जातं, तिसरं आलं की दुसरं. शेवटी हातात उरतं फक्त शेवटचं. नवशिक्यांना आम्ही हे पहिल्या महिन्यात सांगतो, काका. मी स्वतः सांगते. आणि स्वतःच विसरले.

आता साचा एकाच घराचा ठेवला, आणि सांगितलं की एक सापडलं की थांबू नकोस, तिथून पुढे परत शोध, ओळ संपेपर्यंत. तेव्हा सगळे आकडे ओळीने मिळाले. आणि बघा काय मिळालं:

२ २ २ १ १, २ २ २ १ १, २ २ २ १ १

पहिल्या पानापासून चौदाव्यापर्यंत हेच. मध्ये कुठे अडखळलीय, तिथून पुन्हा सुरू केलंय. हे कोणी उगाच करत नाही. हे सिस्टरना दाखवा. मी मोठ्या अक्षरात छापून सोबत जोडलंय.

ऐरणीचं मला आधी वाईट वाटलं. मग वाटलं, मी तुमच्या जागी असते तर बिजागरीसुद्धा ठेवली नसती. सुट्टीत तुमच्याकडे यायचे तेव्हा दुपारी आतल्या खोलीत पडल्यापडल्या मी फक्त शेवटाची वाट बघायचे. तुम्ही ऐरणीच्या कडेवर हातोडा दोनदा हलकेच वाजवायचात, टिंग टिंग, आणि मग आडवा ठेवल्याचा खट्ट आवाज. म्हणजे काकू घण खाली ठेवणार, तळहात साडीला पुसणार आणि चहा टाकणार. अजूनही काम संपलं की माझ्या डोक्यात तोच आवाज येतो. फक्त चहा मलाच टाकावा लागतो.

झाकणावर गरम पाणी सोडा, निघेल.

ठिणगी

*

ता. ९ एप्रिल

चि. ठिणगी,

तुझा कागद घेऊन गेलो. इस्त्रीचा सदरा घालून गेलो.

मोठ्या सिस्टरनी नीट वाचला, वाईट बाई नाहीत त्या. मग म्हणाल्या, "काका, घड्याळही तेच तेच करतं. म्हणून काय घड्याळाला मन असतं?" मेंदूला इजा झालेले लोक एकच हालचाल शंभरदा करतात म्हणे. कोणी घडी घालतं, कोणी बटण लावतं. पुन्हा पुन्हा येतं म्हणूनच तर त्यांना वाटतं की आत काही उरलं नाही. तू जी बाजू मांडलीस तीच उलटली बघ.

मास्तरीणबाई खाटेवरून म्हणाल्या, "त्यांना म्हणावं पाढे तरी म्हणा, बेचा पाढा मलाही येतो." त्यांना झोप मिळत नाही, त्यांचं तरी काय चुकलं.

तरी मी म्हटलं, आपण करून बघू. ती वाजवतेय ना, मग मीही तेच वाजवतो, म्हणजे तिला कळेल की ऐकणारा आहे. तिच्या समोर कठड्यावर माझी दोन बोटं ठेवली आणि तिच्याबरोबर सुरू केलं. दोन, दोन, दोन. ठिणगे, तिने डोळे उघडले. पण कसे! भट्टीत कोणी मूर्खासारखं मध्ये आलं की बघायची तसे. हात मागे घेतला, मुठीत बोटं लपवली आणि घशातून आवाज काढला. सिस्टर धावत आल्या. मला बाहेर बसवलं. गोळी दिली.

आता मी खाटेजवळ बसतो पण कठड्याला हात लावत नाही.

अठ्ठावीसला पिशवी बांधणार हे ठरल्यासारखंच आहे. पिशवी मी पाहिली, कपाटात आहे, पांढरी, तोंडाशी नाडी असलेली. वाण्याकडे साखर भरतात तशी.

तुझा वेळ मी फुकट घालवला. तुझं यंत्र राहू दे आता. ते हुशार असेल, पण ती माझी बायको आहे, मलाच कळत नसेल तर त्याला काय कळणार.

संध्याकाळी घरी येतो तेव्हा कुलूप उघडायच्या आधी दोनदा कडी वाजवतो. सवय आहे. आत कोणी नाही हे कडीला कोण सांगणार.

जावईबापूंना नमस्कार सांग. की सांगू नकोस? तू काहीच लिहीत नाहीस.

काका

*

ता. १६ एप्रिल

ती. काकांस सा. न.

हे पत्र जलद टपालाने पाठवतेय. मिळाल्याबरोबर वाचा, चष्मा शोधत बसू नका, तो बहुधा कपाळावर असेल.

तुम्ही यंत्र राहू दे म्हणालात तरी मी ठेवलं नाही. एक गोष्ट खटकत होती. तिसऱ्या पानाखाली तुम्ही रेघांचा आकडा टाकलाय: ३२०, दोनदा मोजलेला. माझ्या यादीत त्या पानाचे आकडे भरतात २००. एकशेवीस घरं कुठे गेली?

मीच गाळली. साच्यात अधिकचं चिन्ह टाकलं की अर्थ होतो "किमान एक तरी हवा". मी तेच टाकलं होतं. म्हणजे ज्या घरात आकडा नाही ते घर माझ्या साच्यातून निसटत होतं. दोन रेघा लागून आल्या की मधलं रिकामं घर नाहीसं, आणि पुढची सगळी घरं एकमेकांना येऊन चिकटणार. तुम्ही पहिल्याच पत्रात लिहिलं होतं, बोट उचलून टेकवलं नाही तरी रेघ मारतोच. मी वाचलं आणि पुढे गेले. जिथे काही नसतं तिथून पुढे जायची मला सवय लागलीय.

अधिकच्या जागी चांदणी ठेवली. चांदणी म्हणजे "असेल किंवा नसेल, दोन्ही चालेल". आता ओळ अशी दिसते:

२|२|२||१|१|||

आठ घरांचा फेरा. तीन वेळा दोन बोटं, मग एक घर रिकामं. दोनदा एक बोट, मग दोन घरं रिकामी. सापडलेलं तेच लगेच परत येतं का, हे विचारायचीही साच्यात सोय असते. तिसऱ्या पानावर हा फेरा चाळीस वेळा येतो. रिकामी घरंसुद्धा चाळीसही वेळा त्याच जागी.

काका, मला एकच सांगा. ती घरं खरंच रिकामी होती, की तुमची बघायची राहिली?

ठिणगी

*

ता. २९ एप्रिल

चि. ठिणगीस,
अनेक अनेक आशीर्वाद.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. बघायची राहिली नव्हती. मी डुलकी काढत नव्हतो. बोट वर जायचं, वरच थांबायचं, आणि मग पुढचं. मला राग आला होता तुझा. तेच लिहून कळवायला म्हणून चोवीस तारखेला टेबलाशी बसलो, आणि तुला दाखवावं म्हणून डाव्या हाताने टेबलावर तुझी ओळ वाजवली. दोन, दोन, दोन, आणि बोट वर.

माझा उजवा हात आपोआप खाली आला.

मी परत केलं. तिचे तीन, माझा एक. तिचे दोन हलके, माझे दोन. ठिणगे, ही बिजागरी आहे. घणाचे तीन जड घाव पट्टी लांबवायला, मग माझा एक, पुढे कुठे मारायचं ते दाखवायला. मग तिचे दोन हलके, पट्टी वळवायला, आणि माझे दोन, कड बसवायला. जगात दुसरा कुठला लोहार असं करत नाही, आम्हीच बसवलेलं होतं, तिच्या दंडाला मध्ये दम मिळावा म्हणून. एकेचाळीस वर्षं. आणि मला ओळखू आलं नाही, कारण त्यात मीच नव्हतो. स्वतःचा घाव काढून घेतला तर ते काम कशाचं आहे हे कुणाला कळणार? वर मी शहाणा तिच्या घावावर घाव घालायला गेलो. भट्टीत असं केलं तर घण मनगटावर येतो. डोळे वटारणार नाही तर काय करील.

ती बिजागरी पुरी करत होती. आठ महिने. अर्ध्या तावात पडली, मी थांब म्हटलंच नाही. टिंग टिंग झालंच नाही. मग ती घण खाली कसा ठेवणार?

दुसऱ्या दिवशी धावत गेलो तर दार बंद. वॉर्डात तापाची साथ, तीन दिवस भेट नाही. मी रोज फाटकाशी उभा राहून यायचो. तुला काय सांगू कसे गेले ते तीन दिवस. पिशवी आधीच बांधली असेल असं वाटून एकदा परत फिरून चौकीदाराला विचारलं. तो म्हणाला, "आजोबा, मला फाटकाचं विचारा, आतलं नाही."

काल अठ्ठावीस. आत सोडलं. हातोडा टॉवेलात गुंडाळून नेला. मोठ्या सिस्टरनी टॉवेल उघडला आणि ओरडल्या, "हे काय? कोणाच्या डोक्यात घालताय?" मी म्हटलं, कठड्यावर हळूच वाजवणार, डॉक्टरांच्या देखत, एकदाच. मग बांधा हात, मी नाडी धरतो. डॉक्टर तरुण आहेत, घाईत होते. घड्याळ बघून म्हणाले, "दोन मिनिटं."

ती वाजवतच होती. मी डावा तळवा कठड्यावर ठेवला. दोन, दोन, दोन, बोट वर. मी हातोडा टेकवला. एक. तिची बोटं हवेतच थबकली. मग हलके दोन. मी दोन.

तिने डोळे उघडले नाहीत. पण उजवा खांदा उचलला, घण घेताना उचलायची तसा, आणि पुढचे तीन असे आले की माझ्या तळव्याला झिणझिण्या आल्या. सहा फेरे आम्ही असे केले. डॉक्टर म्हणाले, हे सवयीनेही होईल. त्यांचंही बरोबर होतं. म्हणून सातव्या फेऱ्यात मी माझा घाव दिलाच नाही. हातोडा वर धरून ठेवला.

ती थांबली. बोटं वर तशीच. एवढे दिवस रिकामं घर आलं की ती क्षणभर थांबून पुढे जायची. काल गेली नाही. तिला आता माहीत होतं की मी आहे. डॉक्टरांनी घड्याळ धरलं होतं, ते नंतर म्हणाले अकरा सेकंद. तरी तिचा हात खाली येईना. सगळा वॉर्ड गप्प असावा, कारण मास्तरीणबाईंचं ओरडणं मलासुद्धा ऐकू आलं: "अहो, मारा ना! किती ताटकळवताय बाईला!"

मी मारला. तिची बोटं खाली आली.

मग मी फेरा पुरा केला, आणि कडेवर दोनदा हलकेच वाजवलं. तिसऱ्यांदा हातोडा कठड्यावर आडवा ठेवला.

ठिणगे, तिने तळहात चादरीला पुसला. दोनदा. मग हात उताणा टाकला आणि झोपली. गोळी न घेता, चारपासून आठपर्यंत. मी बसून होतो. तिच्या कानाशी ऐरणीचं खरं काय ते सांगितलं, पण ती झोपेत होती आणि मला माझाच आवाज ऐकू येत नाही, तेव्हा कोणी कोणाला काय सांगितलं देव जाणे. उद्या परत सांगेन.

डॉक्टरांनी कागदावर लिहिलंय की हात बांधायचा नाही, आणि गोळी निम्मी. शिवाय रोज एकदा नवऱ्याने यावं. हे औषधासारखं लिहिलंय, वेळ घालून. आज गेलो तर सिस्टर दारातच म्हणाल्या, "या लोहारकाका, मालकीणबाई खोळंबल्यात." एक ताव केला, आणि थांबवलं. बोटं दिवसभर शांत होती. मलम लावता आलं.

आता तुझं. रागावू नकोस. रात्री तुझी तिन्ही पत्रं पुढ्यात घेऊन बसलो. जावईबापूंचं तीनदा विचारलं. तिन्ही वेळा तू मलमाचं लिहिलंस, झाकणाचं, चष्म्याचं, सगळ्याचं लिहिलंस, आणि त्या जागी काही नाही. शेवटचं पत्र उलटसुलट करून पाहिलं, मागच्या बाजूलाही नाही. मी आधी समजत होतो घाईत राहिलं. आता तुझ्याचमुळे मला रिकामी घरं मोजायची सवय लागली.

मला काही सांगायला नको. विचारतही नाही. फक्त ते घर गाळू नकोस, तिथे रेघ मारत जा. मी इकडे हातोडा धरून आहे.

दुसऱ्या खुर्चीवर धूळ बसलीय. गेले आठ दिवस आळीपाळी करायची राहूनच गेली.

तुझा काका

*

ता. ७ मे

ती. काकांस सा. न.

शनिवारी दुपारच्या गाडीने येतेय. महिनाभर राहीन, काम तिथूनही होतं. चहा मी टाकेन, तुम्ही फक्त टिंग टिंग करा.

खुर्ची पुसून ठेवा. एकच पुरेल, मी एकटीच येतेय. नोव्हेंबरपासून एकटीच आहे.

ठिणगी